नियम चार आणि बाभळीची फळी

आमच्या कॉलनीच्या नकाशावर एक हिरवा चौकोन होता. नकाशात तो 'बाग' होता आणि प्रत्यक्षात बाभळी, गाजरगवत आणि घरं बांधून उरलेलं डबर. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. शहरातल्या द्वारकेच्या चौकातून आत वळलं की कांद्याच्या ट्रकांचे हॉर्न मागे पडायचे आणि आमची बैठी घरं सुरू व्हायची. घरं संपायची तिथे तो चौकोन.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून होते. लोक नवस बोलतात तसे ते अर्ज करायचे. हिरव्या चौकोनात खरी बाग व्हावी म्हणून त्यांनी नगरपालिकेला इतके अर्ज केले, की तिथला शिपाई त्यांना बघून आपणहून आवक रजिस्टर उघडायचा. घरातही तोच कारभार. सहलीला जायचंय? "लेखी दे." नवीन कंपासपेटी हवी? "लेखी दे, कारण नमूद कर." आई एकदा चिडून म्हणाली होती, "उद्या भाजीत मीठ कमी झालं तर तेही लेखीच मागा." अण्णांनी खरंच विचार केल्यासारखा चेहरा केला होता.

पण अर्ज फळले, हे कबूल केलं पाहिजे. एका दिवाळीनंतर चौकोनात बाग झाली. एक घसरगुंडी, एक सी-सॉ, साखळ्यांचे दोन झोके, सिमेंटची चार बाकं आणि एक कारंजं. कारंजं उद्घाटनाला उडालं, त्यानंतर एकदा आपल्या मनाने उडालं, मग कधीच नाही. बागेला एक माळीही मिळाला, हरसूलकडचा. त्यांना आम्ही सगळेच माळीबुवा म्हणायचो. साखळ्यांना भंगारात गिऱ्हाईक होतं, म्हणून रोज दिवेलागणीला ते झोक्यांच्या साखळ्या फळ्यांसकट कड्यांतून काढायचे, खांद्यावर टाकून पंपाच्या खोलीत नेऊन ठेवायचे आणि सकाळी पुन्हा लावायचे. त्या खोलीत बाग करताना तोडलेल्या बाभळीचा एक ओंडकाही त्यांनी जपून ठेवला होता. "लागंल कधी," एवढंच म्हणायचे.

आता माझा प्रवेश. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, पण अंगाने पंधराचा. आमच्याकडे 'मुलगा बाळसेदार आहे' हे वाक्य मी सहावीत जाईपर्यंत चाललं, एरवी ते पाळण्यातच संपतं. सी-सॉवर मी एका टोकाला बसलो की दुसऱ्या टोकाला दोघं बसायचे, आणि तरी ते दोघं वरच राहायचे. त्यामुळे मला झोका एकट्याने, कुणी बघत नसताना हवा होता. बाग सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. भर दुपारी माळीबुवा पंपाच्या खोलीमागे भाकरी खात असताना मी आत शिरलो, झोक्यावर बसलो, दोन हेलकावे घेतले, आणि तिसऱ्याला फळी मधोमध मोडली.

मी जमिनीवर, फळीचे दोन तुकडे साखळ्यांना लोंबताहेत, आणि माझ्या डोक्यात एकच विचार: अण्णांचे चार वर्षांचे अर्ज. मी ते दोन्ही तुकडे एकमेकांना अलगद टेकवले, जणू हाड सांधतोय, आणि पळालो. घरी पोचल्यावर कळलं की एकाच पायात चप्पल आहे. आईला सांगितलं, कुत्र्याने नेली.

संध्याकाळी फळीचा शोध लागला. अण्णा संतापूनच जेवायला बसले. मग निष्कर्ष काढला, "हे लहान मुलाचं काम नाही. कॉलेजची पोरं आणि मोठी माणसं बसतात. फळी काय सांगते? वजन सांगते." मी आमटीत डोकं खुपसलं. दुसऱ्याच दिवशी उद्यान समितीची स्थापना झाली. पाच सभासद, त्यातले सचिव अण्णा आणि उरलेले चौघे बहुतेक वेळा बाहेरगावी. आठवड्याने फाटकाशी पिवळा बोर्ड लागला, त्यावर नऊ नियम. फुले तोडू नयेत, कुत्री आणू नयेत वगैरे. आणि नियम चार: झोपाळे फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.

म्हणजे मी मोडलेल्या फळीमुळे सगळ्या मोठ्यांना बंदी झाली आणि मी मोकळा. मी नियमात बसत होतो! या न्यायाचं मला तेव्हा मनातून हसू आलं होतं, हेही लेखी देतो.

त्याच मार्गशीर्षात काकाचं लग्न झालं आणि काकू आमच्याकडे आली. ती बागलाणातली, सटाण्याच्याही पलीकडच्या खेड्यातली. आमच्यापेक्षा वेगळं बोलायची. घाईत असली, रागावली किंवा फार खूश झाली की 'आहे'चं 'शे' व्हायचं, एरवी आमच्यासारखं जपून बोलायची. मला ती 'भाऊ' म्हणायची. अकरा वर्षांच्या मुलाला सन्मानाने हाक मारणारी घरातली ती एकटीच. मॅट्रिक झाली होती आणि तिला टायपिंगची सरकारी परीक्षा द्यायची होती. काकाने कोर्टाबाहेरच्या एका टायपिस्टाकडून जुना मराठी टाईपरायटर मागून आणला. दुपारभर घरात टकटक चालायची. आई म्हणायची, "सुतार पक्ष्याला घरात ठेवलंय." पण चहा मात्र मशीनच्या शेजारी नेऊन द्यायची.

फाल्गुन सरला, चैत्र आला. मी बारा पूर्ण केली आणि नियमातून बाहेर पडलो. वैशाखाच्या तोंडावर काकूच्या परीक्षेची तारीख आली. अक्षय्य तृतीयेनंतर दोनच दिवसांनी.

आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस-पुरणपोळी आणि नंतर झोप. काकूकडे ती आखाजी. लग्न झालेल्या सगळ्या मुली माहेरी येतात, गावातल्या प्रत्येक कडुलिंबाला दोर टांगलेले, दिवसभर झोके आणि गाणी. आणि काकूची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. तिचा भाऊ न्यायला येणार होता. दोन दिवस घालवून, एसटीत अंग मोडून परत यायचं आणि लगेच परीक्षेला बसायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. तिने स्वतःच भावाला पत्र टाकलं की येऊ नको. पत्र तिनेच टाईप केलं, सरावाचा सराव. ते पेटीत टाकून आली आणि त्या दिवसापासून टकटक अडखळायला लागली. एक ओळ धड जाईना. 'महोदय'च्या जागी 'महोदद' उमटायचं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही, जाऊबाई." मग थोड्या वेळाने, "आमची आई म्हणते, पहिल्या आखाजीला झोका नाही घेतला तर वर्षभर पाय जमिनीला चिकटून राहतात."

"आणि बोटं?"

"बोटं मशीनला," काकू म्हणाली आणि हसली. पण डोळे काही हसले नाहीत.

आईने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. कॉलनीत झोका टांगण्याजोगं झाड नव्हतं. बाभळी बागेसाठी गेल्या आणि नवे गुलमोहर अजून माझ्या खांद्याला लागत होते. पण बागेत लोखंडी झोके होते ना?

अण्णांनी घास खाली ठेवला. "नियम चार."

"नियम तुम्हीच लिहिलात ना? मग खोडा."

"तैलरंगात आहे तो."

"तैलरंगात तुमचं डोकं आहे," आई म्हणाली.

काकू पदर सावरून उठायला लागली. "राहू द्या, भाऊजी. मी आपलं सहज बोलले."

अण्णा दुष्ट नव्हते. त्यांचा चेहराच पडला. "मला समजतं गं," ते म्हणाले, "पण गेल्या महिन्यात समोरच्या मास्तरीणबाई दोन मिनिटं बसल्या, तर मीच त्यांना उठवलं. आता आपल्या घरच्यांना बसवलं तर त्या काय म्हणतील? सचिवाची भावजय म्हणून वेगळा नियम?" याचं उत्तर एका माणसाकडे होतं, आणि तो माणूस तिसरी पोळी खात होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी गाढ झोपलो. सकाळी मात्र काकूला मशीनपुढे हातांची घडी घालून बसलेलं पाहिलं आणि दारातच थांबलो. एक बारीक हिशेब माझ्या डोक्यात जुळला होता. नियम चार उभा होता तो 'मोठ्या माणसाने फळी मोडली' या पायावर. मोठ्या माणसाने मोडलीच नसेल तर पायाच नाही. म्हणजे काकूचा झोका माझ्या तोंडात अडकला होता. पण अण्णांपुढे तोंड उघडायची हिंमत नव्हती, आणि त्यांनी म्हटलंच असतं, लेखी दे. माझं अक्षर तर असं की गुन्हा कबूल केला तरी वाचता येऊ नये.

"काकू, सरावाला मजकूर सांगू?"

"सांग ना, भाऊ."

मी तिच्या मागे उभा राहिलो, म्हणजे चेहरा दिसणार नाही. "प्रति, माननीय सचिव, उद्यान समिती. विषय, झोपाळ्याची फळी मोडल्याबाबत."

टक, टक, टक. "पुढे?"

"महोदय. वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळवतो की, दिवाळीनंतर दुपारी मोडलेली फळी कोणत्याही मोठ्या माणसाने मोडलेली नसून…" मी थांबलो.

"नसून," काकूने टाईप केलं. "पुढे सांग ना, मी गतीत आलेय."

"नसून ती मी मोडली आहे. त्या वेळी माझे वय अकरा होते. सबब नियम चारमुळे फळी वाचली नसती."

मशीन थांबलं. काकू वळली. मला वाटलं, आता मिळणार. हिच्या आखाजीवर पाणी फिरवणारा आपणच, हे तिला आता कळलंय. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली, मग तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले.

"एकटाच बसला होतास?"

"हो."

"आणि मोडली?"

"तिसऱ्या हेलकाव्याला."

"अरे देवा! हाई फळी शे का पापड?" म्हणत ती पुन्हा मशीनकडे वळली आणि डोळे पुसत म्हणाली, "सांग. आपला नम्र, की आपला आज्ञाधारक?"

"आज्ञाधारक कसं लिहू?"

"मग नम्र." आणि ती शेवटची ओळ तिने एकही चूक न करता मारली.

संध्याकाळी अण्णा ऑफिसातून आले, पाय धुतले, आणि मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. आई दारात, काकू स्वयंपाकघराच्या पडद्याआड, काका पेपराच्या आड. मी गाल तयार ठेवला होता.

"टायपिंग स्वच्छ आहे," अण्णा म्हणाले. मग, "सहा महिने लागले?"

"हो."

"माझ्या खात्यात याहून जास्त लागतात." ते खुर्चीवर बसले. "मी मास्तरीणबाईंना उठवलं. चुकीच्या माहितीवर उठवलं." मला मारण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलेलं दिसत होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, अर्जाच्या कोपऱ्यात आवक क्रमांक एक असं लिहिलं आणि खाली सही केली. उद्यान समितीकडे आलेला तो पहिलाच अर्ज होता. घरातल्या घरात अर्ज मंजूर होताना मी बरेच पाहिले, पण कबुलीजबाबाला आवक क्रमांक पडलेला तो एकच.

दुसऱ्या दिवशी समितीची सभा भरली. पाचांपैकी दोघे हजर, त्यातले एक अण्णा. ठराव असा झाला की आखाजीच्या दिवशी सकाळी बागेतले झोपाळे सर्व वयाच्या स्त्रियांसाठी खुले राहतील. पण अण्णा ते अण्णाच. खाली अट होती: फळीची भारचाचणी आधी करावी. आणि भारचाचणीसाठी कोण, हे ठरावात नाव घालून लिहिलं होतं. मला वाटतं शिक्षा ती हीच.

अण्णा स्वतः समोरच्या घरी जाऊन मास्तरीणबाईंना सांगून आले. त्या म्हणाल्या, "मी येईन. पण उठवणार नाही ना?" अण्णा म्हणे कानापर्यंत लाल झाले.

आखाजीच्या सकाळी ऊन चढायच्या आत अख्खी कॉलनी बागेत. फाटकाशी फुलांची टोपली घेऊन बसणारी मळ्यातली मावशीसुद्धा टोपली उचलून आत आली. माळीबुवांनी झोका लावला होता, पण फळी ओळखीची नव्हती. जाडजूड, तांबूस, कडा तासून गुळगुळीत केलेल्या.

"ही कुठली?" अण्णांनी विचारलं.

"त्याच बाभळीची, साहेब. इथंच उभी व्हती ना, तिची. रातीत तासली." त्यांनी फळीवर थाप मारली. "आता हत्ती बसला तरी मोडायची नाय."

"हत्तीच बसतोय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि मी पुढे झालो.

आयुष्यात पुढे मी लग्नाच्या बोहल्यावर चढलो, दोनदा भाषणं केली, एकदा सत्कारही घेतला. पण इतके डोळे माझ्यावर पुन्हा कधी खिळले नाहीत. मी बसलो. फळी गप्प. मी पायाने रेटा दिला. एक हेलकावा. दोन. तिसऱ्याच्या वेळी मी डोळे मिटले, आणि बहुतेक सगळ्यांनीच मिटले असावेत, कारण बागेत चिमण्यांशिवाय आवाज नव्हता. साखळी कुरकुरली, फळी नाही. चौथा गेला, पाचवा गेला.

"उतर आता," अण्णा म्हणाले. "मंजूर."

मी उतरलो तेव्हा माळीबुवांनी मला बाजूला घेतलं आणि धोतराच्या ओच्यातून एक वस्तू काढून हातात दिली. सहा महिन्यांपूर्वीची माझी एक चप्पल. धुऊन ठेवलेली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तर! कॉलनीत एवढा पाय अजून कुणाचा हाय?"

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? फळी मोडली, पाय तर नाय मोडला," ते म्हणाले आणि पाण्याची नळी उचलून निघून गेले. ती चप्पल मी शर्टाच्या आत लपवली. आईने ती बघितली, हे मला नंतर तिने कुत्र्यांबद्दल विचारायला सुरुवात केली तेव्हा कळलं.

काकू झोक्याशी गेली. इतके दिवस वाट बघितली आणि आता तिची पावलं रेंगाळली, सगळी सासरची माणसं उभी. अण्णांच्या ते लक्षात आलं असावं. ते घड्याळ बघत मोठ्याने म्हणाले, "पुरुषांनी कारंज्याची पाहणी करायची आहे, चला," आणि सगळ्या पुरुषांना बंद कारंज्यापाशी घेऊन गेले. तिथे सगळे पाठ करून कोरड्या हौदात बघत राहिले. मी बारा वर्षांचा, पुरुष की मूल हे ठरायचं होतं, म्हणून मी मधोमध थांबलो आणि मला दोन्हीकडचं दिसलं.

मास्तरीणबाईंनी मागून धक्का दिला. पहिल्यांदा काकू फळीला घट्ट धरून बसली होती. मग ती उभी राहिली, फळीवर पाय रोवून, गुडघ्यांत वाकून स्वतःच जोर द्यायला लागली. अशी उभ्याने झोका घेणारी बाई आमच्या कॉलनीने पाहिली नव्हती. पदर सुटला, तिने तो कमरेला खोचला. झोका आडव्या खांबाच्या उंचीला जायला लागला. तिने गाणं धरलं, तिच्या बोलीतलं. आम्हाला एक शब्द कळेना, पण फुलवाल्या मावशीला चाल कळली आणि तिने टाळी धरली.

"पुरे गं, पडशील!" आई ओरडली.

"कोन काय म्हनी माले?" वरून उत्तर आलं. आणि मग हसणं, असं मोकळं की कारंज्याची पाहणी करणाऱ्यांतले निम्मे वळून बघायला लागले. काका तर पूर्णच वळला होता.

त्यानंतर मास्तरीणबाई बसल्या, मावशी बसली. "माझं वय आहे का?" म्हणणारी आई सर्वांत जास्त वेळ बसली. घरी जाताना काकू माझ्या बाजूने चालत होती. तिने वाकून माझ्या कानात सांगितलं, "भाऊ, सुटले पाय."

दोन दिवसांनी ती परीक्षा देऊन आली. म्हणाली, उताऱ्यात 'महोदय' तीनदा आलं होतं आणि तिन्ही वेळा बरोबर पडलं. ती पास झाली, पुढे एका सरकारी कचेरीत लागली आणि साहेबांची पत्रं दुरुस्त करत करत तिथूनच निवृत्त झाली. त्या आखाजीनंतर आठवड्याभरात पेंटर आला. अण्णांनी नियम चार खोडला नाही, खोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खाली ओळ वाढवली: आखाजीच्या दिवशी हा नियम लागू नाही. काही वर्षांनी बोर्ड गंजून पडला, माळीबुवा निवृत्त होऊन हरसूलकडे गेले, पण तोवर ओळ कुणाला वाचायची गरज उरली नव्हती. बायका आपोआप यायच्या.

अजूनही येतात. आता बागेत व्यायामाची रंगीत यंत्रं आलीत, गुलमोहर छपराच्या वर गेलेत, आणि झोक्याला प्लास्टिकची बैठक आहे. मी पन्नाशी ओलांडलीय आणि माझं बाळसं अजून टिकून आहे. दर आखाजीला काकू मला सकाळीच फोन करते. तिचे गुडघे आता उभ्याने झोका घेऊ देत नाहीत, बसून घेते. पण घरातल्या सगळ्या बायका, तिच्या सुना, माझी बायको, माझी मुलगी, झोक्यापाशी जमल्या तरी मी येईपर्यंत ती कुणालाही बसू देत नाही. सुना हसतात. माझी मुलगी मोबाईलवर फोटो काढायला तयार असते. आणि काकू बैठकीवर पदराने एक झटका मारते आणि सगळ्यांदेखत म्हणते,

"थांबा गं. आधी भाऊ बसेल."

मी बसतो.